फ्लोरा डॅनिका: राजाच्या ताटात रानगवत का रंगवलं असेल?

रानहळद
डेन्मार्कच्या राजघराण्याकडे फ्लोरा डॅनिका नावाचा चिनी मातीचा डिनर सेट आहे. इथल्या बऱ्याच जणांनी फोटो तरी बघितला असेल. १७९० साली युवराज फ्रेडरिकच्या हुकमावरून कोपनहेगनच्या शाही कारखान्यात काम सुरू झालं आणि १८०२ साली थांबवलं तेव्हा १८०२ नग झाले होते (साल आणि नगांचा आकडा सारखा, हा योगायोगच). त्यातले दीड हजारांच्या वर आजही शाबूत आहेत, काही रोझेनबोर्गच्या राजवाड्यात काचेआड ठेवलेत.

मला त्यातल्या एका साध्या प्लेटबद्दल बोलायचंय. कडेला करवतीसारखे दाते, त्यावर सोनं, आत पांढरंशुभ्र. आणि मधोमध काय, तर एक किडकिडीत रानटी रोप. गुलाब नाही, कमळ नाही. देठ खालून उठून पार सोन्याच्या कडेला भिडलाय, एक पान उलटं वळून मागची बाजू दाखवतंय, मुळांचा पुंजका उपटल्यावर दिसतो तसाच, आणि बाजूला एक फूल उकलून आतले पुंकेसर सुटे मांडलेत. प्लेट उलटी केली की मागे लॅटिन नाव.

ही चित्रं एका पुस्तकातून घेतलीत, त्याचंही नाव फ्लोरा डॅनिकाच. डेन्मार्कच्या राजाच्या मुलखातली झाडून सगळी रानटी झाडं चित्रात आणायची असा तो प्रकल्प. गेऑर्ग ख्रिश्चन ओएडर या वनस्पतिशास्त्रज्ञाने सुरू केला, १७६१ पासून भाग निघायला लागले आणि पूर्ण व्हायला १८८३ उजाडलं, एकूण ३२४० चित्रं!! तेव्हा नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँड हे सगळं त्याच राजाकडे होतं त्यामुळे बर्फातली खुरटी झाडंसुद्धा त्यात आहेत.

माझं म्हणणं असं की ही प्लेट नाहीच, हे विज्ञानाच्या पुस्तकाचं पान आहे, फक्त कागदाऐवजी पोर्सेलिनवर. आणि पुस्तकाच्या पानावर सॉस ओतू नये. पटतंय का? वापरावी की जपावी?

अवखळ
पहिला! आता वाचतो.

उंबरठा
फोटो बघितले. माफ करा पण मला नाही आवडलं. जेवायला बसल्यावर समोर मुळं आणि बुरशी? हो, बुरशी पण आहे त्यात, अळंब्या, शेवाळ, दगडफूल सगळं. पाहुण्यांना बोलावून हे वाढायचं? चिनी किंवा जपानी भांड्यांवर एक फांदी, दोन पाखरं, बाकी मोकळी जागा, बघूनच जेवावंसं वाटतं. इथे कलाकाराला स्वतःचं काहीच करू दिलेलं नाही, पुस्तकातलं जसंच्या तसं उतरवायचं. मग ती कला कसली, नक्कल म्हणा.

सुगरण_आजी
वापरायची नाही तर प्लेट घडवली कशाला? आमच्या सासूबाई चांदीची ताटं काढायच्या फक्त दिवाळसणाला, जावई जेवायला बसला की. पण काढायच्या! घासून पुसून परत कापडात बांधायच्या. नुसती कपाटात ठेवून काळी पडू दिली नाहीत कधी. राजाला काय कमी नोकर होते धुवायला?

अवखळ
आजी +१. फक्त मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, सोन्याच्या कडेला ठिणग्या उडतील.

मृण्मयी_ठाणे
उंबरठा, "नक्कल" या शब्दावर थांबते. मी स्वतः पोर्सेलिनवर रंगकाम करते आणि शिकवतेही, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

कागदावरचं चित्र सपाट असतं. प्लेटला खोलगट भाग असतो, मग चढ, मग काठ. कागदावर सरळ असलेला देठ प्लेटवर तसाच काढला तर चढावर मोडल्यासारखा दिसतो, तो सरळ दिसावा म्हणून हाताने किंचित वळवावा लागतो. त्यात हट्ट असा की झाड पुस्तकात ज्या मापाचं आहे त्याच मापाचं प्लेटवर यायला हवं. मावत नाही? मग देठ वाकवा, मूळ तोडून शेजारी ठेवा, पण लहान करायचं नाही. त्या काठावर चढलेल्या फांद्या आपण डिझाइन म्हणून बघतो ना, तो बऱ्याचदा जागेशी घातलेला झगडा आहे.

आणि रंग. ही चित्रकारी चकाकी चढवून भाजलेल्या भांड्यावर वरून होते. आधी माती साधी भाजायची, मग ग्लेझ देऊन साधारण १४०० अंशांवर, तेव्हा ती घट्ट पांढरी काचेसारखी होते. त्यावर धातूंच्या ऑक्साइडचे रंग तेलात कालवून लावायचे आणि परत मंद भट्टीत, आठशेच्या आसपास. पहिला थर एकदम पातळ, भाजा, मग सावल्या, भाजा, मग शिरा, परत भाजा. लावताना जो रंग दिसतो तो भट्टीतून बाहेर येताना वेगळाच असतो, म्हणजे चित्रकार डोळ्यांनी बघत असतो एक आणि डोक्यात धरून चाललेला असतो दुसरंच. गुलाबी छटा सर्वात रडवते, जास्त तापली की जांभळट होऊन बसते. आणि प्रत्येक फेरीत प्लेट तडकायची शक्यता असतेच, महिनाभराचं काम एका रात्रीत कचऱ्यात. माझ्या विद्यार्थ्यांचं एक पान तडकलं तरी डोळ्यात पाणी येतं, इथे तर १८०२ नग.

रानहळद
मृण्मयी, दंडवत. "जागेशी घातलेला झगडा" हे आता प्रत्येक फोटोत दिसायला लागलंय.

गोगलगाय
वाचतेय. रंगवलं कोणी पण? नाव माहीत आहे का?

कोपनहेगनकर
नाव माहीत आहे, योहान क्रिस्टोफ बायर. मूळचा न्यूरेम्बर्गचा, जन्म १७३८. आणि नवल म्हणजे जवळजवळ सगळा सेट या एकट्या माणसाने रंगवला! बारा वर्षं. शेवटी नजर गेली त्यात. उत्तरेकडचा हिवाळा अनुभवलाय का कोणी? डिसेंबरात इथे दुपारी साडेतीन-चारला अंधार पडतो. आम्हाला विजेचे दिवे असून कंटाळा येतो, तो माणूस मेणबत्तीच्या उजेडात शेवाळाची लव काढत बसायचा.

मधल्या काळात बाहेर काय काय झालं बघा. १७९४ मध्ये क्रिस्टियान्सबोर्गचा राजवाडा जळाला, १८०१ मध्ये नेल्सनचं इंग्रजी आरमार बंदरासमोर येऊन तोफा डागून गेलं. आणि हा चित्रकार आपला कारखान्यात बसून एकेक पान रंगवतोय.

कारखान्याबद्दलही थोडं. १७७५ चा, राणी युलियान मारी हिच्या आश्रयाने सुरू झाला. भांड्यांच्या बुडाशी तीन निळ्या लाटा असतात, त्या डेन्मार्कमधल्या तीन जलमार्गांच्या: ओरेसुंद, मोठा बेल्ट आणि धाकटा बेल्ट. आजही फ्लोरा डॅनिका बनतं, ऑर्डर देऊन मिळतं, एकेक प्लेट हजारो क्रोनरची. मी दुकानात हात मागे बांधून फिरतो.

बखरनवीस
सेट कोणासाठी होता ते राहिलंच की. सांगतात असं की रशियाच्या कॅथरीन महाराणीला भेट द्यायचा होता. ती १७९६ मध्ये गेली, काम चालूच होतं, मग सेट डेन्मार्कच्याच दरबारात राहिला. हुकमाचा तसा कागद सापडलेला नाही, पण कॅथरीनचा शौक बघता गोष्ट पटण्यासारखी आहे. तिने इंग्लंडच्या वेजवुड या भांडी बनवणाऱ्या कारखान्याकडून १७७३-७४ मध्ये बेडकाचा शिक्का असलेला ९५२ नगांचा सेट करून घेतला होता, त्यावर इंग्लंड-स्कॉटलंडकडची १२२२ दृश्यं. राजवाडे, बागा, पूल, पडके मठ.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. वेजवुडच्या सेटवर बहुतेक माणसाने बांधलेलं. डेन्मार्कने काढलं काय, तर आपल्या बांधावरचं तण. मला हे फार भारी वाटतं राव.

वाळूचे_घड्याळ
सगळे भारावलेत म्हणून कडू बोलतो. पैसा कुठून आला? डेन्मार्ककडे वेस्ट इंडीजमध्ये सेंट क्रॉय, सेंट थॉमस, सेंट जॉन ही बेटं होती. तिथे गुलाम राबवून साखर काढायचे, ती कोपनहेगनला यायची, त्याच व्यापाराने शहर गब्बर झालं. आणि या सेटमध्ये गोडाच्या भांड्यांचा केवढा थाट, साखर भुरभुरायची भांडी, आइसक्रीमच्या बादल्या, जाळीच्या टोपल्या. ती साखर कोणाच्या घामाची? नजर गमावलेल्या बायरबद्दल वाईट वाटतं आणि तिकडे ऊस तोडणाऱ्यांबद्दल चकार शब्द नाही, असं का?

बखरनवीस
मुद्दा रास्त आहे, टाळत नाही. फक्त तारखा मांडतो. हाच युवराज फ्रेडरिक. बाप सातवा क्रिस्टियान मनाने आजारी म्हणून १७८४ पासून कारभार याच्या हातात. १७८८ मध्ये कुळांना जमीनदाराच्या मुलखात बांधून ठेवणारा कायदा मोडीत काढायला याच राजवटीत सुरुवात झाली. १७९२ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदीचा हुकूम निघाला, अंमल १८०३ पासून. आणि हा सेट पहिल्यांदा टेबलावर मांडला तो २९ जानेवारी १८०३ ला, राजाच्या वाढदिवसाला.

वाळूचे_घड्याळ
व्यापारावर बंदी. गुलामगिरीवर नाही. ती त्या बेटांवर १८४८ पर्यंत चालली, तीही गुलामांनी उठाव केल्यावर संपली. आणि बंदीला दहा वर्षांची मुदत दिली ती मळेवाल्यांना तोवर माणसं भरून घेता यावीत म्हणून. म्हणजे बायर रंगवत होता जवळजवळ तीच ती वर्षं. प्लेट सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिच्या मागे लॅटिन नावासोबत हेही लिहिलेलं वाचावं एवढंच.

बखरनवीस
हे मान्य. संग्रहालयात अशा सेटशेजारी ही माहिती हवीच, आणि ठळक अक्षरात हवी.

सुगरण_आजी
घड्याळदादा, बरं झालं लिहिलंत. मला तर यातलं काहीच माहीत नव्हतं.

फोडणीचा_डबा
विषय जड झालाय म्हणून नव्हे, पण मगाचपासून पोटात खदखदतंय ते सांगूनच टाकतो. फ्लोरा डॅनिकाच्या पुस्तकासाठी झाडं गोळा करायला जी माणसं पाठवली त्यात योहान गेरहार्ड कोनिग नावाचा एक जण होता. झाडांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या स्वीडनच्या लिनियसचा शिष्य. १७६४-६५ मध्ये त्याला आइसलँडला पाठवलं, तिथली झाडं त्याने पुस्तकासाठी आणली. आणि मग १७६८ मध्ये हा बाबा कुठे गेला असेल? तमिळनाडूत, तरंगमबाडीला! डॅनिश वसाहत होती तिथे, डॉक्टर म्हणून गेला आणि परत फिरलाच नाही, दक्षिणेत झाडं गोळा करत हिंडला आणि १७८५ मध्ये काकीनाड्याजवळ वारला.

आता खरी गंमत. कढीपत्त्याचं शास्त्रीय नाव मुराया कोनिगी. त्यातला कोनिगी तो हाच!

अवखळ
काय सांगता!!!

रानहळद
अहो काय दिलंत हे! मुराया कोनिगी शेकडो वेळा लिहिलंय, तो कोनिग आइसलँडच्या दगडांतून फ्लोरा डॅनिकासाठी झाडं शोधत फिरलेला असेल असं स्वप्नातही नव्हतं. आणि मुराया म्हणजे योहान आंद्रेयास मरे, तोही लिनियसचाच शिष्य. म्हणजे दोघे गुरुबंधू आपल्या रोजच्या फोडणीत.

यावरून अजून एक. कारखान्याचे संचालक थिओडोर होल्मस्कियोल्ड हे स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ, लिनियसकडेच शिकलेले. अळंब्यांचा नाद. त्यांच्या अळंब्यांच्या पुस्तकासाठी चित्रं काढायला बायरच होता, म्हणजे हात तिथे तयार झाला आणि मग या सेटवर लागला. उंबरठा, तुमच्या त्या बुरशीचं मूळ बहुधा इथे आहे. त्यांच्या नावाचं झुडूप आपल्याकडे बागांमध्ये लावतात, होल्मस्कियोल्डिया, नारिंगी-लाल बशीसारखं पसरट फूल आणि मधे नळी. नर्सरीत त्याला काय म्हणतात ठाऊक आहे? कप-सॉसर. पोर्सेलिनच्या कारखानदाराच्या नावाच्या झाडाला कपबशी!

गोगलगाय
आमच्या सोसायटीत आहे ते. उद्या सकाळी नमस्कार करून येते.

चंद्रमौळी
तरंगमबाडी निघालंच आहे तर तंजावरकर म्हणून बोलायलाच हवं. ती जागा डॅनिश लोकांना १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने दिली. पुढे व्यंकोजीराजांपासून तंजावर भोसल्यांकडे आलं आणि डॅनिश लोक ठरलेली वार्षिक रक्कम आमच्या मराठी दरबारात भरायचे. ज्या राजाच्या पंगतीला हे सोन्याच्या कडेचं ताट, त्याची माणसं किनाऱ्यावर राहण्याचे पैसे मराठी राजाला देत होती.

पुढचं जास्त महत्त्वाचं. सरफोजीराजे दुसरे (१७७७ ते १८३२) लहान असताना त्यांना शिकवणारे, त्यांची पाठराखण करणारे मिशनरी श्वार्त्स हे १७५० मध्ये तरंगमबाडीच्याच मिशनमध्ये आलेले. सरफोजीराजांना पुस्तकांचं, वैद्यकाचं, झाडापाल्याचं वेड होतं. सरस्वती महाल ग्रंथालय तर सगळ्यांना माहीत आहेच. झाडं आणि पशुपक्ष्यांची चित्रं त्यांनी चित्रकारांकडून करून घेतली. म्हणजे तिकडे बायर शेवाळ रंगवत होता आणि सरफोजीराजे १७९८ ला गादीवर आले, दोन्ही एकाच काळातलं. झाड आहे तसं, मापात, नावासकट काढायचं, हा ध्यास त्या काळात समुद्राच्या दोन्ही बाजूंना होता. आपल्या लोकांना फ्लोरा डॅनिका ठाऊक असतं, सरफोजीराजांची चित्रं ठाऊक नसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

बखरनवीस
चंद्रमौळी, यावर वेगळा धागा काढा. विनंती नाही, हक्काने सांगतोय.

फोडणीचा_डबा
पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). लवकर येऊ द्या.

उंबरठा
मी परत आलोय. मृण्मयींचा प्रतिसाद वाचून पुन्हा सगळे फोटो बघितले. अळंबीवाली प्लेट अजूनही जेवायला नको वाटते, ते मत कायम. पण नक्कल हा शब्द मी मागे घेतो असं नाही, उलट आता वाटतं की एवढी प्रामाणिक नक्कल हीच त्यातली ताकद आहे. किडलेलं पान किडलेलंच काढलंय. दरबारी चित्रकाराने राजाला खूश करायला पान दुरुस्त केलं असतं, फूल जरा टपोरं केलं असतं. बायरने नाही केलं.

कोपनहेगनकर
म्हणूनच मला रानहळदचं "पुस्तकाचं पान" अर्धंच पटतं. पुस्तक वाचायला विद्वान लागतो, लॅटिन लागतं. ओएडरचा हेतू तर असा होता की लोकांना आपल्या मातीतली झाडं कळावीत, पण एवढं महागडं पुस्तक किती घरांत जाणार? मेजवानीला बसलेला एखादा सरदार, ज्याला तण आणि धान्य यातला फरक ठाऊक नाही, त्याच्यासमोर प्लेट येते, तो रस्सा संपवतो आणि खालून हळूहळू एक झाड वर येतं. मूळ, पान, बी. शेजाऱ्याच्या ताटात वेगळं. मग दोघं प्लेटा उलटून नावं बघत असतील. ते चित्र वापरल्याशिवाय पूर्ण होत नाही. राजघराणं आजही खास मेजवान्यांना हा सेट काढतं, आणि मला ते योग्य वाटतं.

सुगरण_आजी
हेच मी दुसऱ्या ओळीत सांगितलं होतं.

वाळूचे_घड्याळ
रस्सा संपवून प्लेट लगेच उलटली तर टेबलक्लॉथचं काय?

मृण्मयी_ठाणे
वापरण्याबद्दल कारागीर म्हणून सांगते. वरून रंगवलेलं काम सुरीने झिजतं. रोज वापराल तर शंभर वर्षांत बारीक शिरा पुसट होतील, सोनं तर आधी जाईल. वर्षातून एकदोनदा, हाताने धुऊन, मधे कापड घालून रचून ठेवलं तर काही बिघडत नाही. आणि शिकलेले हात असतील तर परंपरा थांबत नाही, १८६३ मध्ये डेन्मार्कची राजकन्या अलेक्झांड्रा इंग्लंडच्या युवराजाला दिली तेव्हा तिच्यासाठी पुन्हा सेट करायला घेतला, साठ वर्षांचा खंड पडूनसुद्धा. तेव्हा रानहळद, जुनी प्लेट जपा आणि नवी वापरा, माझं उत्तर हे.

रानहळद
कोपनहेगनकर, झाड वर येतं हे फार आवडलं, त्या बाजूने विचारच केला नव्हता. तरी बायरच्या हातच्या प्लेटवर सुरी फिरवायला माझा नकारच. त्या माणसाची नजर आहे त्यात. मृण्मयीची वाटणी मला मान्य आहे, जुनी काचेआड, नवी पंगतीला.

मृण्मयी_ठाणे
मग ऐका, या धाग्याने डोक्यात किडा सोडलाय. कढीपत्ता रंगवणार. दहा इंची प्लेट, खऱ्या मापात, फुलोऱ्यासकट, फळासकट, मागे मुराया कोनिगी. एक पूर्ण डहाळी प्लेटमध्ये मावणार नाही हे आत्ताच दिसतंय, त्यामुळे कुठे वाकवायची ते ठरवायला समोर खरी डहाळी हवी, बाजारातली तुटकी जुडी नको. कोणाकडे झाड आहे का?

फोडणीचा_डबा
आमच्याकडे आहे पण बायको फुलोरा खुडून टाकते, पानं कमी येतात म्हणते.

रानहळद
आमच्याकडे आहे, चांगलं डोक्याच्या वर गेलंय. उन्हाळ्यात फुलतं, तेव्हा डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून तुझ्याकडे पोचवते. पण मूळ मिळणार नाही हं, झाड आईचं आहे.